गाडीचं पाणी तोडलं तेव्हा

समस्त लातूरकर, नांदेडकर आणि या दोन शहरांच्या मधे ज्या ज्या गावाशेजारी माझी गाडी आजवर बंद पडली आहे तिथले सर्व ग्रामस्थ, यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, आमच्या घरच्या मोटारीचा कार्बुरेटर दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाला असून त्याच्या जागी संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसवण्यात आली आहे. हे काम कुठल्याही कंपनीत झालेलं नाही. आमच्या बंद पडलेल्या डाळ मिलच्या पत्र्याखाली झालं. करणाऱ्याला मोटारीचं कसलंही शिक्षण नव्हतं. तो मीच. 'हे होणार नाही' असं सांगणाऱ्यांची संख्या फार मोठी असल्यानं प्रत्येकाला वेगळं कळवणं शक्य नाही. त्यांनी हे निवेदन आपल्या हातात मिळालं असं समजावं.

आता रीतसर सांगतो.

लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला त्या वर्षी आमच्या वडिलांनी ही गाडी घेतली. गावात कलेक्टर येणार, एसपी येणार, त्यांच्या गाड्या येणार. मग इथं जन्मभर तूर भरडणाऱ्यानं सायकलवर बसून बघत राहायचं का, असा त्यांचा सवाल होता. गाडी पांढरी, पाठ गोल, पुढे दोन गोल डोळे. हुबेहूब साहेबाची. सुरुवातीला ती गंजगोलाईच्या बाजारातून निघाली की लोक उठून नमस्कार करत. आत साहेब नसून आमचे वडील आहेत हे कळेपर्यंत नमस्कार होऊन गेलेला असे, आणि वडील तो परत करत नसत.

गाडीला खोड एकच. उन्हाळा. तिचा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या कुशीला चिकटून बसलेला. चैत्र लागला की पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफच ढकलत राहायचा. गाडी दोनदा खोकायची आणि गप्प. यावर तेव्हाच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असलेला इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं बांधायचं आणि त्यावर पाणी सोडत राहायचं. म्हणून डिकीत एक पितळी कळशी कायमची असायची. आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, सांगायची की ही गाडी पेट्रोल पिते ती चवीपुरतं, खरी तहान पाण्याची.

नांदेडचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना तर ही गाडी म्हणजे लग्नात मिळालेला कायमचा विनोद. "मेव्हणे, तुमची गाडी म्हशीच्या जातीची हाय," ते म्हणत. "ऊन लागलं की डबकं शोधती."

मी हसून सोडून द्यायचो. मग दुष्काळ आला.

तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. तुरीचा दाणा बाजारात येत नव्हता म्हणून मिल बंद. अंघोळीचं पाणी बादलीत जमवायचं, त्यात कपडे धुवायचे, तेच मग संडासात. घराघरात निळे ड्रम, ड्रमावर झाकण, झाकणावर दगड. पाहुणा आला तर आधी तो किती दिवस राहणार ते बघायचं.

अशा दिवसांत एकदा भर दुपारी मला बाजार समितीत जायचं होतं. गाडी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बंद पडली, आणि समोर टँकरची रांग. मी सवयीनं डिकी उघडली, कळशी काढली, फडक्यावर पाणी सोडलं. पाणी तापल्या पंपावर चुर्र झालं. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, पण त्या दिवशी तो अख्ख्या रांगेनं ऐकला. घागरी खाली ठेवल्या गेल्या. रांगेतली एक म्हातारी अगदी शांतपणे म्हणाली, "सावकार, त्या फडक्याच्या जागी मलाच बांधा की."

त्या रांगेत माझी बायकोही उभी होती. सकाळपासून.

घरी येऊन तिनं घागर ठेवली, पदर खोचला आणि कायदा केला. "आजपासून या घरातलं थेंबभर पाणी गाडीला मिळणार न्हाई."

"रेडिएटरात?" मी विचारलं.

"त्यात हाय तेवढं राहू द्या. तिच्या पोटातलं मी काढून घेत न्हाई. पण वरून न्हाई."

मग तिनं दाजींना फोन लावला. भाचीचा साखरपुडा महिन्यावर आलेला. दाजी म्हणाले, मी माझी एसी गाडी पाठवतो, तुमचं ते धूड विका, माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, चांगला माणूस आहे. बायकोला ते पटलं. मला विचारलंच नव्हतं. पण अव्वा लिंगपूजेवरून उठून आली आणि म्हणाली, "लेकीच्या दारात मी जावयाच्या गाडीतून उतरणार न्हाई. आमच्या गाडीत जाईन, आमच्या गाडीत येईन. न्हाईतर हितूनच आशीर्वाद."

आता दोन बायांच्या मधे फोनवर दाजी लटकलेले. शेवटी बायकोनंच तोड काढली. साखरपुड्याला ही गाडी भर उन्हात नांदेडला जाऊ दे. वाटेत तिनं एकदाही पाणी मागायचं नाही. मागितलं, तर भंगारवाला तिथूनच घेऊन जाईल आणि आपण सगळे एसटीनं परत.

"कबूल," मी म्हणालो.

"भंगारवाल्याला जेवायलाच बोलावतो," दाजी म्हणाले. त्यांचा आनंद फोनमधून सांडत होता.

मिल बंद, हात रिकामे, डोकं तापलेलं. मी मोबाईलवर बघत सुटलो. मूळ दुखणं साधं होतं. पंप तापतो कारण तो इंजिनाला चिकटलेला आहे. नव्या गाड्यांत पंप मागे टाकीपाशी असतो, विजेवर चालतो आणि पेट्रोलला असं जोरात दाबून पाठवतो की त्याला वाफ व्हायला उसंतच मिळत नाही. पुढे कार्बुरेटर नसतो. एक नोझल असतो, तो मोजून फवारा मारतो. म्हणजे फक्त पंप बदलून भागणार नव्हतं. गाडीचा सगळा स्वभावच बदलायचा होता.

माझा एक जुना मित्र रेणापूरचा. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान. विहिरीच आटल्यावर ठिबक कशाचं करणार? दुकानात काळ्या नळीची वेटोळी छतापर्यंत आणि गिऱ्हाईक नाही. तो रोज मिलवर येऊन बसायचा. त्याला मी खडूनं फरशीवर चित्र काढून दाखवलं. ही टाकी, हा पंप, हा फिल्टर, इथं दाब, इथं नोझल, आणि वापरून उरलेलं पेट्रोल या नळीनं परत टाकीत.

तो खडूच्या रेषेवरून बोट फिरवत टाकीपासून नोझलपर्यंत गेला. "सावकार, हे तर ठिबक हाय."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. खरंच होतं.

"कार्बुरेटर म्हंजे पाटपाणी," तो उभा राहून बोलू लागला. "सोडलं की वाहिलं, कुणाला किती गेलं हिशोब न्हाई. ह्यात झाडाच्या बुडाशी मोजून थेंब. आन् हा संगणक म्हंजे काय, आपला टायमर."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणालाही पेट्रोलचं इंजेक्शन समजावून सांगावं लागलं नाही. विरोध मात्र थांबला नाही. येणारा जाणारा पत्र्याखाली डोकावून एक शेरा टाकून जायचा. "जुन्या बैलाला चष्मा लावायलेत." "सावकार, त्यापेक्षा गाडीला बैल जुंपा, चारा छावणीत फुकट हाय." एक ओळखीचा मेकॅनिक खास बघायला आला, कार्बुरेटर काढून ठेवलेला पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला, मयताला आल्यासारखा. मी प्रत्येकाला चहा देत होतो. पाणी मागितलं तर मात्र नाही म्हणत होतो.

अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं सामान आणलं. हवेच्या झडपेचं तोंड, त्यातला नोझल, तारांचा एक भला मोठा गुंता आणि पत्र्याची एक डबी. ती डबी म्हणजे मेंदू. तिला आम्ही मुनीम म्हणू लागलो, कारण तिचं काम मुनीमाचंच. एक तार येऊन सांगते इंजिन किती तापलं, दुसरी सांगते हवा किती आली, तिसरी सांगते मालकानं पाय किती दाबला, एक तार तर सायलेन्सरमधे बसून धुराची चव बघते. सगळ्यांचं ऐकून मुनीम ठरवतो की नोझलनं किती वेळ उघडायचं. इंजिन कितव्या फेऱ्यात आहे हे कळण्यासाठी एक तार ठिणगी वाटणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरपासून घ्यावी लागली. तिचा जोड मी माझ्या हातानं वळला आणि वर काळी टेप गुंडाळली. ही टेप लक्षात ठेवा.

नवं तोंड जुन्या जागेवर बसेना. मिलच्या जुन्या चाळणीच्या चौकटीतली जाड पट्टी कापून मधे ठेवायची तबकडी केली. जुना पंप काढला तिथं इंजिनाला भोक राहिलं, त्यावरही तसाच चौकोनी तुकडा बोल्टनं आवळला. इतकी वर्षं जिथं ओलं फडकं असायचं तिथं आता कोरडं लोखंड. बायको एकदा जेवायला बोलवायला आली तेव्हा त्या तुकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "आता हितं काय बी लागत न्हाई?"

"काही नाही," मी म्हणालो. नाटकात राजा म्हणतो तसं म्हणालो.

राहिली परतीची नळी. मित्रानं दुकानातून काळ्या नळीचं वेटोळं आणलं, आणि सांगतो, आम्हाला दोघांनाही यात काही चूक वाटली नाही. त्या काळात आमच्याकडे कुठलीही दोन टोकं जोडायची तर काळी नळीच. कुलरला ती, टाकीला ती, शेजारच्यांनी तर कपडे वाळत घालायलाही तीच बांधलेली. पेट्रोलला ही नळी मानवत नाही, ती फुगते आणि मऊ पडते, हे आम्हाला पेट्रोलनंच शिकवलं.

किल्ली फिरवली त्या दिवशी पत्र्याखाली निम्मी गल्ली होती. मागून पंपाची बारीक घूं आली, आणि इंजिन लागलं. लागलं म्हणजे काय, खोकलं नाही, गुरगुरलं नाही, झोपलेल्या मांजरासारखं चालू राहिलं. मित्र ठिबकच्या दाबमापकावरचा काटा वाचून ओरडत होता. मी दोन्ही हात वर करून गल्लीला नमस्कार केला, आमच्या वडिलांनी परत न केलेले सगळे मिळून. तेवढ्यात नळी निसटली.

पेट्रोल फरशीवरून पसरायला लागलं. मी बॅटरीची तार उपटली. कुणीतरी "पाणी टाका" म्हणालं आणि मित्र ड्रमाकडे धावला. ड्रमावर माझी बायको बसली होती. ती आधी उभी होती, दगड बाजूला ढकलून बसली.

"वैनी, उठा, पेट लागंल."

"माती टाका," ती म्हणाली. "पाणी न्हाई मिळणार."

सगळ्यांनी मिळून माती टाकली. पुढे मी वाचलं की पेट्रोलवर पाणी टाकलं तर ते पाण्यावर तरंगत आणखी लांब जातं, मातीच बरोबर. तिला हे काही ठाऊक नव्हतं, तिला ड्रम वाचवायचा होता. पण श्रेय ती आजही पूर्ण घेते.

मित्र फुगलेली नळी हातात घेऊन उभा होता. "नळी वाईट न्हाई सावकार," तो म्हणाला. "पेट्रोलच जरा कडक हाय."

मग खास पेट्रोलसाठीची रबरी नळी आणली, मधे लोखंडी, दोन्हीकडे चाप. त्यानंतरचे दिवस मुनीमाची मनधरणी करण्यात गेले. कधी काळा धूर, कधी चढावर दम लागणार, कधी सकाळी चालणार आणि दुपारी रुसणार. एकदा मी पार वैतागून कार्बुरेटर उचलला आणि परत बसवायला निघालो. बायको दारात होती. ती एवढंच म्हणाली, "फोन लावू का दाजींना?" मी कार्बुरेटर खाली ठेवला.

साखरपुड्याच्या सकाळी अव्वानं पूजा उरकून बॉनेटवर तीन बोटांनी विभूती ओढली. मग विचारलं, "तुमचा मुनीम कुठं बसतो?" मी डॅशबोर्डखालची डबी दाखवली. ती वाकली आणि त्यालाही लावली. बायकोनं डिकी स्वतः तपासली. कळशी नव्हती. तिच्या मांडीवर तिच्या वाट्याच्या प्यायच्या पाण्याची बाटली, थंड राहावी म्हणून जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मागे अव्वा, आपला पाण्याचा तांब्या घेऊन, आणि शेजारी बॅगा सांभाळत मित्र.

ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आष्टामोड गेलं. चाकूर गेलं. शिरूर ताजबंदच्या अलीकडे एक चढ आहे, तिथं चहाचं एक हॉटेल. आमची गाडी बरोबर त्या हॉटेलसमोर बंद पडते हे मालकाला इतकं पाठ झालेलं की लांबून पांढरी गोल पाठ दिसली की तो बादली घेऊन बाहेर यायचा. त्या दिवशीही आला. बादली रिकामी होती, दुष्काळच होता, पण तो सवयीनं आला. मी चढावर पाय दाबला, हॉर्न वाजवला आणि त्याच्यासमोरून निघून गेलो. आरशात तो बादली धरून रस्त्याच्या मधे आलेला दिसला. माझ्या आयुष्यात मी फार मोठी बक्षिसं मिळवलेली नाहीत. पण तो माणूस आणि ती बादली मी कुणाला देणार नाही.

अहमदपूरला अव्वासाठी थांबलो. मी आणि मित्र हॉटेलात शिरलो आणि मी तिथल्या लोकांना ठिबक आणि पाटपाणी समजावत बसलो. जरा जास्तच वेळ बसलो. परत आलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि बायको शेजारी उभी होती.

"लई तापलंय," ती म्हणाली. "वारं लागू दे म्हणून उघडलं."

मी आत न बघताच बॉनेट पाडलं आणि निघालो. माळेगाव यायच्या आधीच गाडीनं एक झटका दिला, दुसरा दिला, आणि चालता चालता गप्प झाली. मी तिला कडेला घेतलं. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली कोरडी रानं.

मागून अव्वा म्हणाली, "पाणी मागायली का रे?"

मी उतरलो. डोळ्यांपुढे तो भंगारवाला जिलेबी खात होता. बॉनेट उघडलं. जुन्या पंपाच्या जागी बसवलेल्या कोरड्या लोखंडावर, अगदी व्यवस्थित चौघडी करून, हिरव्या लुगड्याचा ओला तुकडा ठेवला होता. त्यातून गळलेलं पाणी खाली माझ्या टेपच्या जोडात गेलं होतं. डिस्ट्रिब्यूटरची तार भिजली, मुनीमाला इंजिनाचा निरोप कळेना, त्यानं पेट्रोल बंद केलं. चोख हिशोबाचा मुनीम.

"हे कुणी..." मित्र म्हणाला, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

बायको खिडकीतून पलीकडच्या रानाकडे बघत होती. तिच्या मांडीवरची बाटली उघडी होती आणि रिकामी. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं, उकळून, गाळून घेतलेलं पाणी, तिच्या स्वतःच्या वाट्याचं. लातुरातून निघाल्यापासून ती एक घोट प्यायली नव्हती.

मी टेप सोडली, जोड रुमालानं पुसला आणि उघडा ठेवला. ज्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या त्यानं तो जोड बघता बघता वाळवला. नवी टेप गुंडाळली. अव्वानं आपला तांब्या पुढच्या सीटवर दिला आणि बायको प्यायली. किल्ली फिरवली. मागून घूं, पुढून मांजर. नांदेडपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना यावर विश्वास ठेवणं जड जाईल.

दाजींच्या फाटकात सगळे जमले होते, बहीण आरती घेऊन, व्याही मंडळी, आणि दाजींच्या शेजारी पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत चहा पीत असलेला एक गृहस्थ. तोच तो भंगारवाला. अव्वा आमच्या गाडीतून लेकीच्या दारात उतरली. बहिणीनं तिला मिठी मारली. दाजींनी मात्र आधी डिकी उघडली. कळशी नाही. मग बॉनेट उघडायला लावलं. वाकून बघितलं, आणि त्यांचं तोंड हळूहळू फुललं. लोखंडाच्या त्या चौकोनी तुकड्यावर पांढरा डाग होता. आमचं टँकरचं पाणी इतकं जड की वाळलं की खूण ठेवणारच.

"मेव्हणे, हे काय?"

"विभूती हाय," मित्र म्हणाला.

दाजी अव्वाकडे वळले. अव्वा विभूतीच्या नावानं खोटं बोलणारी नव्हे. "मी इंजिनाला लावली न्हाई," ती म्हणाली.

"मग पाण्याचाच डाग की," दाजी व्याह्यांकडे बघत म्हणाले. "म्हंजे वाटेत बंद पडली. आन् पाणी मागितलंच गाडीनं."

पांढऱ्या कपड्यातल्या गृहस्थानं कप खाली ठेवला आणि खिशाला हात घातला. मी तोंड उघडलं. लातूरपासून मनात घोळवलेलं सगळं भाषण जिभेवर होतं, पण त्यातलं काहीच इथं चालण्यासारखं नव्हतं. दाजींसमोर जिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, व्याही मंडळींसमोर जी मान वर करून बोलत नाही, ती माझी बायको तेवढ्यात आरतीच्या ताटाशेजारून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तिनं कुठं मागितलं? मीच बळंच पाजलं, म्हणून तर बंद पडली!"